शह, चेक आणि अप्पांची सही

मागच्या महिन्यात अप्पांचा चेक परत आला. सोसायटीच्या मेन्टेनन्सचा होता, चार हजार दोनशेचा. खात्यात पैसे होते, तारीख बरोबर होती, रक्कम अक्षरी आणि आकड्यात दोन्हीकडे सेम, शेवटी "फक्त" लिहून पुढे रेघ मारलेली, डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आणि त्यात "ए/सी पेयी", म्हणजे अप्पांच्या चेकवर जे जे असायला पाहिजे ते सगळं होतं. सोबतच्या मेमोवर कारण एवढंच, सही जुळत नाही. अप्पा ८१ वर्षांचे आहेत आणि गेली दोन वर्षं त्यांचा उजवा हात थरथरतो, चहाचा कप बशीत ठेवताना आवाज होतो म्हणून आता ते बशीच घेत नाहीत. बँकेत जी सही आहे ती १९७८ सालची.

सेक्रेटरी भला माणूस. त्याने चेक पाकिटात घालून, पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, लिफ्टमध्ये कोणी नाही हे बघून माझ्या हातात दिला. पण घरी लपवणार कुठे. अप्पा त्या रात्री जेवताना तीन वेळा "कलम एकशे अडतीस" एवढंच म्हणाले. १९८९ पासून चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा झाला, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना पाठ आहे. मी म्हटलं, अप्पा, सोसायटी तुमच्यावर केस करणार नाहीये, दर मे महिन्यात तुम्ही त्या माणसाला पेटीतले आंबे नेऊन देता. तर म्हणे, आंब्यांचा आणि कायद्याचा काय संबंध.

खरा घाव दुसरीकडेच बसला होता. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद चेक करत आला. अप्पा जकात खात्यात होते, त्यातली बरीच वर्षं मुलुंड चेकनाक्यावर. मुंबई संपते आणि ठाणं सुरू होतं तिथे, रात्रपाळीला, डिझेलच्या धुरात, ट्रकवाल्याने आणलेलं बिल एका हातात आणि मागच्या मालाकडे डोळे. बिलावरची सही बघून ते सांगायचे म्हणे की ही शेठची नाही, मुनिमाची आहे. आता त्यांचीच सही कुणीतरी बघितली आणि परत पाठवली.

मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की या सगळ्या प्रकरणात शब्द एकच फिरतोय. चेक परत आला, कारण बँकेने सही चेक केली, आणि ज्याची परत आली तो चेकनाक्यावरचा माणूस. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला आणि मुंबईतली जकात बंद झाली, आता तिथे कोणी काही चेक करत नाही, पण नाव काही गेलं नाही. आजही बसमध्ये "चेकनाका एक द्या" म्हटलं की कंडक्टर तिकीट फाडतो, त्याला काय चेक नि कुठला नाका हे विचारायचं कारण नाही. मी शब्दांच्या बाबतीत जरा नादिष्ट आहे (बायको याला दुसरा शब्द वापरते), त्यामुळे त्या आठवड्यात ऑफिसचं काम बाजूला ठेवून या "चेक"च्या मागे लागलो.

आणि सापडला कोण तर इराणचा राजा.

फारसीत शाह म्हणजे राजा हे आपल्याला माहीतच आहे, बादशहा, शहेनशहा सगळे तिथलेच. आपल्याकडचं चतुरंग इराणात गेलं, तिथून अरबांकडे, नाव झालं शतरंज. खेळताना समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की इराणी खेळाडू त्याला सावध करायला ओरडायचा, "शाह!" म्हणजे बाबा रे, राजा सांभाळ. हा खेळ अरबांबरोबर स्पेन, सिसिली असा युरोपात शिरला आणि खेळाबरोबर ती आरोळीही. लॅटिनवाल्यांनी तिचं स्काकुस केलं, जुन्या फ्रेंचमध्ये ती एशेक झाली, आणि नॉर्मन लोक इंग्लंडात राज्य करायला लागल्यावर इंग्रजांनी पुढचा ए गाळून टाकला आणि म्हणायला लागले चेक. चेस हा शब्दसुद्धा त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन आहे. म्हणजे चेस क्लासला मुलं घालतो तेव्हा आपण त्यांना "राजे" शिकायला पाठवत असतो.

आता गंमत अशी की आपल्याकडे हाच शब्द खूप आधी, जवळच्या रस्त्याने आलेला. दख्खनच्या दरबारी फारसीतून. आपण त्याला शह म्हणतो. अप्पा सांगलीकडचे, आणि सांगलीत बुद्धिबळ म्हणजे नुसता खेळ नाही, नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासूनचं आहे तिथे, त्यामुळे अप्पा शह म्हणतात, कधीच चेक म्हणत नाहीत. माझी मुलगी, वय ११, चेक म्हणते. २०२५ साली नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली तेव्हापासून आमच्या घरात पट उचलून ठेवणं बंद झालंय, आणि तेव्हापासूनच आजोबा-नातीचं हे भांडण. "शह म्हण." "क्लासमध्ये सर चेकच म्हणतात." खरं तर स्पर्धेत काहीच म्हणायचं बंधन नाही, चाली लिहिताना नुसतं अधिकचं चिन्ह काढलं की झालं, पण घरच्या खेळात ओरडल्याशिवाय मजा काय. मी दोघांना सांगितलं की तुम्ही एकच शब्द म्हणताय, एक इराणातून थेट आला, दुसरा बगदाद, स्पेन, पॅरिस, लंडन करून आला. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

अप्पांच्या वडिलांकडे देशी पद्धतीचा डाव चालायचा. त्यात राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता यायची. पण एकदा का शह बसला की तो हक्क गेला, मग राजा आपला एक-एक घर सरकणार. मला हा नियम फार आवडतो. शह मारत नाही, अडकवतो. या एका गोष्टीतून इंग्रजीतला चेकचा पुढचा सगळा संसार उभा राहिलाय. शह बसला की तुम्हाला दुसरी कुठली चाल खेळताच येत नाही, वजीर मरत असला तरी आधी राजाचं बघायचं, म्हणजे बाकी सगळं थांबलं. म्हणून चौदाव्या शतकापासूनच इंग्रजीत चेक म्हणजे थांबवणे, अडवणे, लगाम घालणे. सत्तेला चेक पाहिजे म्हणतात तो हा. आपणही शहाचं तेच केलं, पेपरात निवडणुकीच्या दिवसांत रोज असतं की अमक्याला शह देण्यासाठी तमका मैदानात, शह-काटशहाचं राजकारण. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सेम अर्थ काढला. आपण तिथेच थांबलो, इंग्रजी थांबली नाही. थांबवणे, मग थांबवून बघणे, मग बघून खरंखोटं करणे. हा तपासण्याचा अर्थ सतराव्या शतकाच्या शेवटाला येतो, म्हणजे आज जो सगळ्यात जास्त वापरतो तो या घरातला तसा धाकटाच.

मध्येच एक मात सांगतो. चेकमेट म्हणजे शाह मात. अरबीत मात म्हणजे मेला, त्यामुळे "राजा मेला" असा अर्थ लोक लावतात, पण फारसीत मात म्हणजे थक्क, हतबल, काय करू सुचत नाही असा. आणि पटावर राजा मरत नाहीच ना कधी, नुसता कोंडला जातो. आपण "आजारावर मात केली" म्हणतो ती हीच मात. इंग्रजीत यार-दोस्ताला मेट म्हणतात त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

पैशाचा चेक कुठून आला ही गोष्ट सगळ्यात भारी आहे आणि ती सांगताना मी अप्पांना मुद्दाम समोर बसवलं, कारण ती त्यांच्याच खात्याची गोष्ट आहे.

बाराव्या शतकातलं इंग्लंड. राजाचा महसूल गोळा करणारे शेरीफ वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर मायकलमसला, हिशेब द्यायला यायचे. हिशेब व्हायचा एका टेबलावर, दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वर ठेवलेलं काही खाली पडू नये. टेबलावर काळं कापड आणि त्यावर रेघा मारून पाडलेली घरं. रोमन आकड्यात बेरीज-वजाबाकी करून बघा म्हणजे कळेल असं का करावं लागायचं. एका उभ्या रांगेत पेन्स, शेजारी शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस, शेकडे, हजार, आणि त्या घरांतून गोट्यांसारख्या चकत्या सरकवायच्या. रिकामं घर म्हणजे शून्य, ज्यांच्या आकड्यांत शून्य नव्हतं त्यांच्या टेबलावर ते होतं. हे सगळं लिहून ठेवणारा रिचर्ड फिट्झनील हा राजाचा खजिनदार, त्याने या विषयावर पुस्तकच लिहिलंय, डायलॉगस डी स्कॅकारिओ. स्कॅकारिओ म्हणजे बुद्धिबळाचा पट. टेबल पटासारखं दिसतं म्हणून हे नाव, आणि पटावर जशी दोघांत लढाई तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात, असं तो सांगतो. तेच फ्रेंचमधून एक्सचेकर झालं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर, म्हणजे शब्दशः पटावरचा मंत्री. आपल्या पटावर तो वजीर असतो, जमतंय.

अप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावती काय द्यायचे?"

अगदी जकातवाल्याचा प्रश्न. तर पावती म्हणजे लाकडाची काठी. तिच्यावर खाचा पाडायच्या, हजार पौंडाला तळहाताएवढी रुंद खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, अर्धी याच्याकडे अर्धी त्याच्याकडे. कोणी फसवाफसवी केली तर दोन तुकडे जोडून बघायचे, खाचा जुळल्या पाहिजेत. लाकडाच्या रेषांची नक्कल कोण करणार! ही पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली, आणि १६ ऑक्टोबर १८३४ ला असल्या जुन्या काठ्यांचे ढीग पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घातले तर भट्टी इतकी पेटली की जवळजवळ अख्खं पार्लमेंट जळून गेलं. "रेकॉर्ड जाळायचं नसतं," अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा बराच दिवसांनी खुलला होता.

आणि आता आपला चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे पैसे काढायचा कागद नव्हताच, चेक म्हणजे त्याचा मागे राहणारा तुकडा, काउंटरफॉइल. दोन्ही तुकडे जुळवून बघता येतात, खोटेपणाला आळा बसतो, चेक बसतो, म्हणून तो चेक. पुढे ते नाव मागच्या तुकड्यावरून फाडून दिलेल्या कागदावर गेलं. ब्रिटिशांनी स्पेलिंगला क्यू आणि यू लावून एक्सचेकरची आठवण ठेवली, अमेरिकेने तेही नाही केलं. काही जण चेकचं मूळ अरबी सक्कमध्ये, म्हणजे लेखी दस्तात शोधतात, ऐकायला पटतंही, पण मी या काउंटरफॉइलच्या बाजूचा. कारण मी अप्पांचा मुलगा आहे.

माळ्यावर बुटांचा एक खोका आहे. त्यात अप्पांची सगळी जुनी चेकबुकं आहेत, म्हणजे चेक नाहीत, नुसते मागे राहिलेले तुकडे, रबराने बांधलेले, रबर वितळून कागदाला चिकटलेलं. त्या दिवशी मी तो खोका खाली काढला. प्रत्येक तुकड्यावर तारीख, कोणाला, किती, शिल्लक, आणि जागा उरली तर चार शब्द. "आईचं ऑपरेशन." "फ्रीज, पहिला हप्ता." "वसंताला, परत मागू नये." माझ्या इंजिनिअरिंगच्या फीच्या तुकड्यावर रक्कम आहे, शिल्लक आहे, आणि शिल्लक वाचून मी थोडा वेळ माळ्याच्या शिडीवरच बसून राहिलो. त्या सालापर्यंत अक्षर कसं, छापल्यासारखं. मग हळूहळू वेलांट्या मोठ्या होत जातात, २०२३ पासून काना सरळ उभा राहत नाही. नवीन चेकबुकांना असे तुकडे नसतात, मागे एक तक्ता असतो नोंदी करायला, त्या तक्त्यात परत आलेल्या चेकसमोर अप्पांनी लिहिलंय, "रद्द. सही हलली." हात हलला असं नाही लिहिलं.

हुंडीतही, म्हणजे पूर्वीच्या व्यापाऱ्यांच्या पैसे देण्याच्या चिठ्ठीतही, असले बंदोबस्त होतेच आपल्याकडे. शहाजोग हुंडी कोणाही सोम्यागोम्याला वटवता यायची नाही, बाजारात पत असलेल्या शहालाच पैसे मिळायचे, साधारण आपल्या दोन रेघा मारलेल्या चेकसारखं. हा शहा मात्र राजा नव्हे, साहूकारातला साहू. आज शहाजोगपणा म्हटलं की साळसूदपणाचं सोंग, बिचाऱ्या शब्दाची पत गेली.

बाकी अर्थांचं काय सांगू, मोजत बसलं तर रात्र होईल. गणपतीत मांडवात पोरगं माइकवर फुंकर मारून "हॅलो, चेक, चेक" म्हणतं ते एक. विमान सुटताना केबिन क्रूला क्रॉस-चेक सांगतात ते एक, आणि मला हे फार उशिरा कळलं की बुद्धिबळात शहाला उलट शहाने उत्तर दिलं तर त्यालाही इंग्रजीत क्रॉस-चेकच म्हणतात, म्हणजे आपला काटशह. अमेरिकेत हॉटेलातलं बिल म्हणजे चेक, माझा एक मित्र न्यू जर्सीला नवीन गेला तेव्हा वेटरने चेक आणू का विचारल्यावर "नो नो, आय विल पे कॅश" म्हणाला होता, अजून त्याला त्यावरून पिडतो आम्ही. आणि शिकारी ससाणा पाळणाऱ्यांच्या भाषेत, ससाणा नेमलेलं सावज सोडून मध्येच दिसलेल्या फालतू पाखरामागे गेला तर त्यालाही चेक म्हणायचे. हा अर्थ आता मेलाय म्हणतात. मी दर चार मिनिटांनी फोन चेक करतो, मला नाही वाटत मेलाय.

आणि कापडावरचे चेक्स. पट, एक्सचेकरचं टेबल आणि अप्पांचा शर्ट, तिन्ही एकाच खानदानातले. अप्पांचे सगळे शर्ट चौकडीचे, आई असताना तीच आणायची, चौकडीवर डाग दिसत नाही हे तिचं लॉजिक आणि नाक्यावरच्या धुळीपुढे ते बरोबरच होतं.

शेवटी बँकेत जाऊन नवीन सहीचा नमुना द्यायचं ठरलं. आजकाल काय, फोनवरून पैसे पाठवा, चेक लागतोच कशाला, असं मी एकदा म्हणून बघितलं. अप्पा म्हणाले, "त्यात मी कुठे असतो?" यावर माझ्याकडे चाल नव्हती. मग चार दिवस सहीची प्रॅक्टिस. कोरा कागद घेतला तर सही उताराला लागते, एकेरी वहीत वरखाली होते, शेवटी मुलीने तिची गणिताची चौकटीची वही आणून दिली. एका घरात एक अक्षर. अप्पा टेबलाशी वाकून बसायचे, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, जीभ किंचित बाहेर, आणि घराघरातून अक्षर सरकवायचे. पंधरा पानं भरली. बँकेतल्या मुलीने तीन सह्या मागितल्या, तिन्ही वेगवेगळ्या आल्या, तिने बघितलं आणि म्हणाली, काका, यातली कुठलीही करा, तिन्ही स्कॅन करते. अशी माणसं असतात.

त्या संध्याकाळी पट मांडला गेला. अप्पांचा हात एखाद्या मोहऱ्याजवळ गेला की शेजारचं प्यादं पडतं, आणि हात लागला की चाल हा त्यांचाच कडक नियम, पण नातीने परस्पर ठरवून टाकलंय की पडलेलं धरायचं नाही, फक्त दोन बोटांत पकडलेलंच धरायचं. वीसेक चालींनंतर तिने वजीर आणून राजासमोर आपटला आणि ओरडली, "चेक!"

"शह म्हण."

"चेक. तुमचा राजा अडकलाय."

अप्पांनी चष्मा वर केला. बराच वेळ काही नाही. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, घोडा उचलला, तो हवेत थरथरत राहिला आणि वजीर आणि राजाच्या मध्ये जाऊन बसला. घोडा हलला तशी मागे दडलेल्या हत्तीची रांग मोकळी झाली, थेट तिच्या राजापर्यंत.

"काटशह," अप्पा म्हणाले आणि पाण्याचा ग्लास उचलला.

तिने पटाकडे बघितलं, रांगेवरून बोट फिरवत नेलं, परत आणलं, मग माझ्याकडे वळून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, हा खरंच चेक आहे का तू जरा चेक कर ना."